जळकोटच्या स्टुडिओतली ठेव

ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी कळंबला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मुलं म्हणतात, "मॅडम, कॉम्प्युटर आपोआप बंद पडला", तर मी म्हणते, आपोआप काही होत नसतं बाबा, तू काय केलंस ते आधी सांग. बावीस-पंचवीस पोरांपुढं रोज हे वाक्य म्हणणाऱ्या बाईवर अशी वेळ यावी... असो. जसं घडलं तसं सांगते. नावं बदललीत.

आधी अण्णा सांगावे लागतील. अण्णा म्हणजे माझे वडील. तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटला, हायवेला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दहा बाय बाराची खोली. ट्रक गेला की भिंतीवरच्या फ्रेमा थरथरायच्या, म्हणून अण्णा आधी कान द्यायचे आणि रस्ता शांत झाला की मगच बटण दाबायचे. मागं रंगवलेला पडदा — तळं, हंस, आणि कुठल्या देशातली कोण जाणे, निळी झाडं. खिळ्याला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण न बांधलेले तीन कंगवे लोकांनी नेले होते. पावडरचा डबा. आणि एक काळा कोट! अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवरदेवांनी तोच कोट घातलाय. जाड्या माणसालाही बसावा म्हणून अण्णांनी तो पाठीतून उभा कापला होता. पुढून साहेब, मागून बनियन. आम्ही बहिणी दाराआडून बघून हसून हसून मरायचो आणि अण्णा गिऱ्हाइकासमोर एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हनुवटी जरा खाली... हां... बास."

तो आवाज अजून कानात आहे. 

अण्णांचा एक नियम होता. एकाचा फोटो दुसऱ्याला, ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय, दाखवायचा नाही. स्थळ बघायला निघालेली मंडळी जाता जाता स्टुडिओत डोकवायची — अमक्याच्या मुलीचा फोटो असंल की तुमच्याकडं, जरा दाखवा, आवडली तरच पुढं जाऊ. अण्णा त्यांना पाणी द्यायचे, पान द्यायचे, फोटो द्यायचे नाहीत. "पोरगी हाय, दुकानातलं कापड न्हाय. इजाजत घ्या तिची." इजाजत हा त्यांचा लाडका शब्द. निजामाच्या काळात शिकलेल्या त्यांच्या वडिलांकडून आला असावा.

काही लोक फोटो काढून अण्णांकडंच ठेवून जायचे. घरी दाखवायचा नसतो, किंवा न्यायला नंतर येणार असतात, किंवा आणखी काही. अण्णा त्याला ठेव म्हणायचे. आपल्याकडं ठेव म्हणजे काय ते सांगायला नको. जिची तिला द्यायची, मध्ये कुणाला दिसूही द्यायची नाही. डिजिटल कॅमेरा आल्यावर तर अशा फोटोंची ते प्रिंटसुद्धा काढायचे नाहीत, सीडीवरच ठेवायचे, कारण प्रिंट सोलापूरच्या लॅबला जायची आणि तिथं दहा जणांच्या हातातून फिरायची.

पुढं मी त्यांना कॉम्प्युटर लावून दिला. विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, सगळं मराठीत केलं. पडद्यावर "अनुमती नाकारली" असं आलं की अण्णा भडकायचे. नाकारायला तू कोण लागून गेलास, असं त्या कॉम्प्युटरलाच विचारायचे. पण परवानग्यांची भानगड त्यांना मनापासून पटली. कुठली फाईल कुणी वाचायची, कुणी बदलायची, कुणी हातही लावायचा नाही, हे ऐकून म्हणाले, "ह्या माणसांनी फोटोचं दुकान चालवलंय का गं पूर्वी?"

मग त्यांनी मला ठेवीसाठी कुलूपबंद कप्पा करायला लावला. म्हणजे असा फोल्डर की पासवर्ड दिला तरच आतलं दिसतं, नाहीतर सगळा भुसा. नुसतं कुलूप नव्हे हो, फाईलींचा खरंच भुसा होतो. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, काय वाटेल ते करा, पासवर्ड नसेल तर काही हाती लागत नाही. अण्णांनी ठेवीतले सगळे फोटो त्यात घातले आणि जुन्या सीड्या माझ्यासमोर कात्रीनं कापल्या. पासवर्ड टाईप करताना मला म्हणाले, "माय, तिकडं तोंड कर."

मी पोटची पोर, कप्पा मीच करून दिलेला, आणि मलाच तिकडं तोंड कर! तेव्हा राग आला होता. आता हसू येतं.

कोरोनानंतरच्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं, आणि थोड्याच दिवसांत ते गेले. पासवर्ड विचारायचं कुणाला सुचणार त्यात? स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मी डिस्क तेवढी काढून कळंबला आणली. आईचं नाव, देवीचं नाव, स्टुडिओचं, पहिल्या कॅमेऱ्याचं, कोटाचं — सगळं घालून पाहिलं. कप्पा उघडला नाही. शेवटी डिस्क कपाटात ठेवून दिली.

आता प्रसंगाकडं येते. गेल्या हिवाळ्यातला रविवार, सकाळी ऊन चांगलं वर आलेलं. मी धुणं वाळत घालत होते. दारात एक मुलगी, कडेवर तान्हं बाळ, आणि मागं टोपी घातलेला एक माणूस. मुलीचं नाव कोमल, सासर आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडं. माणूस तिचा मामा, नागनाथ. जळकोटच्या मोबाईलवाल्याकडून माझा पत्ता काढत, एस.टी. बदलत आले होते बिचारे.

चहा झाला आणि नागनाथमामांनी सांगायला सुरुवात केली. कोमल वर्षा-सव्वा वर्षाची असताना तिची आई गेली. मोठं दुखणं होतं, औषधानं केस गेले होते. जायच्या आधी एक दिवस भावाला म्हणाली, मला फोटो काढायचाय. हा तिला आणि पोरीला घेऊन अण्णांच्या स्टुडिओत आला. फोटो काढला. आणि मग ती अण्णांना म्हणाली, हे आजारी तोंड कुणी बघू नये, पोरगी मोठी झाली आणि मागायला आली तर तिलाच द्या. मामा तेव्हा दर वर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे, त्यांच्याकडं ठेवायला जागा कुठली. म्हणून ठेव अण्णांकडं.

"तुमचे वडील म्हनले होते, काळजी करू नको बाई," मामा म्हणाले. "म्हनून मीबी निर्धास्त होतो."

मी विचारलं, दुसरा एखादा फोटो? लग्नाचा? मामा म्हणाले, अल्बम वाळवीनं खाल्ला. मतदानाच्या कार्डावर नुसता काळा ठिपका, त्यात नाक कुठलं नि डोळा कुठला. कोमलनं कळत्या वयात आईचा चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता.

ती मांडीवरच्या लेकीचं टोपरं नीट करत म्हणाली, "ताई, समदे म्हणतात ही माझ्या आईवर गेलीय. मी दिसभर हिच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधायली. डोळे असे असतील का, ओठ असे असतील का. पण बाळाचं तोंड रोज बदलतंय ओ."

 मी कपाटातून डिस्क काढली. लॅपटॉपला लावली. तिच्यासमोर पुन्हा चार-सहा पासवर्ड घालून पाहिले, उगाच, मनाच्या समाधानासाठी. मग सरळ सांगितलं की फोटो ह्याच डिस्कवर आहे, पण किल्ली अण्णांबरोबर गेली. कोमलनं मान हलवली. रडली नाही. जन्मभर "नाही" ऐकायची सवय असलेली माणसं कशी मान हलवतात, तशी हलवली. मला फार वाईट वाटलं.

तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून मला एक सुचलं. अण्णा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढायचे, उजेड बघायला. ते फोटो कप्प्यात नव्हते, साध्या फोल्डरमध्ये होते. शेकड्यानं रिकाम्या खुर्च्या! म्हटलं, आई नाही तर नाही, आई बसली ती खुर्ची तरी बघू दे पोरीला.

इथं जरा कॉम्प्युटरचं सांगावं लागेल, कारण सगळी मेख इथंच आहे. फोटो बघायचं जे अॅप मी उघडलं ते मी त्याच आठवड्यात नव्यानं टाकलं होतं, मुलांना सँडबॉक्स शिकवायला. सँडबॉक्स म्हणजे काय? तर परका पाहुणा ओसरीवर बसतो. पाणी हवं तर मागतो, उठून माजघरात जात नाही. सँडबॉक्समधलं अॅप तसंच. तुमच्या फाईली त्याला दिसत नाहीत. फाईल हवी असेल तर ते फक्त मागतं. मग सिस्टम, म्हणजे घरचा माणूस समजा, तुमच्यापुढं एक खिडकी उघडते. त्यात तुम्ही ज्या फाईलवर बोट ठेवाल ती एकच फाईल अॅपच्या हातात दिली जाते. शेजारी दुसरी फाईल आहे की नाही, हेसुद्धा त्याला कळत नाही. मुलांना नीट समजावं म्हणून मी त्या अॅपच्या उरल्यासुरल्या परवानग्याही काढून टाकल्या होत्या. एकही फोल्डर नाही, नेट नाही.

ह्याचा एक त्रास आहे आणि लिनक्स वापरणारे त्यावरून जगभर बोटं मोडतात. एक फोटो उघडला की "पुढचा" बाण चालत नाही. कारण पुढचा त्याला ठाऊकच नाही! लॅबमध्ये रोज कुणीतरी ओरडतं, मॅडम, पुढचा फोटो येत नाही. मी म्हणते, येणारच नाही. तू एकच दिलास.

तर मी खिडकीतून खुर्चीचा एक फोटो निवडला. पडद्यावर खुर्ची आली. मागं तळं, हंस, निळी झाडं. मामा म्हणाले, हीच खुर्ची. कोमल वाकून बघत राहिली. मीही बघत राहिले... कितीतरी वर्षांनी तो रंगवलेला पडदा पाहत होते. डाव्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघाला होता, तिथं अण्णांनी मला हंसाचं एक पिल्लू काढू दिलं होतं. ते बदकासारखं झालं होतं आणि तरीही त्यांनी ते कधी पुसलं नाही. मी कोमलला ते दाखवत होते.

आणि कोमलनं मोबाईलवर सवय असते तशी सहज पुढच्या बाणाची कळ दाबली.

मी म्हणणार होते की तसं येत नाही. तोंड उघडलंही होतं.

पडद्यावर एक बाई आली.

तीच खुर्ची, तेच तळं. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. हडकुळी. गालाला पावडर जरा जास्त लागलेली. बांगड्या सैल होऊन कोपराकडं घसरलेल्या. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. तिची नजर थोडी खाली होती आणि ओठ मिटून ती हसू दाबत होती.

मी लॅपटॉपजवळ वाकले. भीती म्हणावी तर भीती नव्हती. अण्णांचा उजेड मी ओळखते. डावीकडं टांगलेल्या पांढऱ्या चादरीवरून आलेला, गालावर मऊ पडलेला. तो त्यांचाच होता.

 नागनाथमामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "हीच. हीच माझी बहीण."

कोमलनं विचारलं, "मामा, ती खाली कुणाकडं बघायली?"

"तुझ्याकडं," मामा म्हणाले. "तू माझ्या कडेवर होतीस. लई रडायलीस म्हनून खाली सोडली, तर तू तिच्याकडंच निघालीस. पडत, उठत. फोटोवाले म्हनले, बाई, वर बघा. ती म्हनली, नको, असाच काढा."

कोमल तेव्हा रडली. बाळ दचकून रडायला लागलं, मग मी, आणि मामा उठून बाहेर ओट्यावर गेले.

रडता रडताही माझ्यातली कॉम्प्युटरची मास्तरीण जागी होती म्हणून बरं. मी आधी तो फोटो "सेव्ह अॅज" करून माझ्याकडं ठेवला. मग मागचा बाण दाबला — खुर्ची आली. पुढचा दाबला — काही नाही. बाण फिका पडलेला, नेहमी असतो तसा. पुन्हा दाबला, दहादा दाबला. खुर्ची ती खुर्चीच.

ते लोक गेल्यावर मी नोंद काढून बघितली. कुठल्या अॅपला कुठली फाईल दिली, हे सिस्टम लिहून ठेवते. त्यात दोन ओळी होत्या. एक खुर्चीची, जी मी निवडली. दुसरी ठेवीच्या कप्प्यातली. परवानगी रीतसर दिलेली. पण परवानगी देण्यासाठी खिडकी उघडावी लागते, कुणीतरी फाईलवर बोट ठेवावं लागतं. खिडकी एकदाच उघडली होती, मी उघडली होती. आणि कप्पा तर बंद होता. तो माझ्या लॅपटॉपवर एकदाही उघडलेला नाही. आजही बंद आहे.

तुम्ही आता जे विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारलंय. खुर्च्यांच्या फोल्डरमध्ये अण्णांनी एखादी प्रत ठेवली असेल? सगळा फोल्डर चाळला, नाही. आणि असती तरी ती अॅपला दिसली नसती. जुना थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी नक्कल, असेल? थंबनेल टिकलीएवढा असतो, ह्या फोटोत बांगडीवरची नक्षी दिसते. मग पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाला विचारलं. तो असल्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यानं डिस्क बघितली, नोंद बघितली, दोन दिवस डोकं खाजवलं आणि म्हणाला, मॅडम, बग असेल, प्रोग्रॅममधली चूक, रीतसर कळवा. कळवायला बसले तर तिथं रकाना — हे पुन्हा घडवायचं झालं तर काय काय करावं लागेल, पायरीपायरीनं लिहा. आता काय लिहू? पहिली पायरी, आईचं तोंड न बघितलेली एक लेक आणा?

तसंच बंद केलं.

त्यानंतर मी खूपदा ते अॅप उघडून एकेक खुर्ची बघितली आणि पुढचा बाण दाबला. खोटं कशाला बोलू, मला ठेवीतलं काही नको होतं. मला वाटायचं, एखादा अण्णांचाच फोटो येईल. आला नाही. त्यांनी सगळ्या जगाचे फोटो काढले, स्वतःचा धड एक नाही. आणि आत आणखी कुणाकुणाच्या ठेवी आहेत, देव जाणे. डिस्क आता मी कपाटात ठेवत नाही, टेबलावर असते. कुणी मागायला आलं तर हाताशी असावी.

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण वर्गात "आपोआप काही होत नसतं" म्हणायला लागले की जीभ जराशी अडखळते. नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल.

कोमलनं मात्र काही विचारलं नाही. फोटो मोठा करून फ्रेम करून मी तो मामांच्या हाती पाठवला होता. परवा तिचा फोन आला. आधी बाळाचं सांगितलं, दात येतायत म्हणून किरकिर करतंय. मग म्हणाली, बाळ काही फोटोतल्या आईवर गेलेलं नाही, लोक उगाच म्हणत होते. मी म्हटलं, मग वाईट वाटलं का गं? तर नाही म्हणाली. सांगायला लागली की फ्रेम भिंतीवर लावली तेव्हा शेजारीण आली आणि तिनं विचारलं, ही तुझी धाकटी बहीण का?

"मी रडताना आई म्हणून नेहमी मोठ्या बाईला हाका मारायचे ओ ताई," कोमल म्हणाली. "ही तर माझ्यापरीस ल्हान हाय."